बसवून बघितलेल्या सुनेचा गुडघा

"गाय घ्याची म्हटली तर बाजारात धा पावलं चालवून बघत्यात. आन् आपुन सून घेतली ती बसवून बघून!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. माझ्या मालकिणीसाठी तर मुळीच नव्हतं. पण तिच्या सासूबाई मदिनाबी परसातल्या नळापाशी उभं राहून लेकीशी, आयेशाशी, फोनवर बोलत होत्या. आणि मदिनाबी कुजबुजल्या की दोन घरं पलीकडच्या शेळ्यासुद्धा कान टवकारतात. खिडकी उघडी होती. खिडकीच्या आत पलंग, पलंगावर सुमैरा, तिच्या पायाखाली उशी आणि उशीवर मी.

मी सुमैराचा उजवा गुडघा बोलतोय.

शनिवारी माझ्यात सुई गेली होती आणि तो मंगळवार होता. मी आतून नुसता पेटलो होतो. त्यात ते वाक्य आलं आणि सुमैराची मांडी दगडासारखी आवळली. माणसं चेहरा सांभाळतात, बोलणं सांभाळतात. मांडीचा स्नायू कुणाला सांभाळता येत नाही. तो आवळला की मला सगळं कळतं.

नळापाशी बोलणं चालूच होतं. "शुकरवारी तिच्या बापाला बोलावलंय. जुम्म्याची नमाज झाली की ये म्हटलंय. तोंडावर इचारनार हाय. पोरीचा पाय असला हाय हे ठावं असून आमच्या गळ्यात का मारली म्हून."

आता हे कुठून सुरू झालं ते सांगतो.

माझा जन्म उंब्रजचा. हायवेला लागून सुमैराच्या अब्बांचं, शाहनवाज यांचं, पंक्चरचं दुकान आहे. रांगायच्या वयात मी आणि माझा डावा भाऊ त्या दुकानातल्या काळ्या मातीत इतके माखायचो की अम्मी आम्हाला चिंधीला रॉकेल लावून पुसायची. पुढे शाळेत सुमैरा खो-खो खेळायला लागली. तेव्हा माझी काय ऐट! खांबाला वळसा घालताना सगळा भार माझ्यावर यायचा आणि मी तो पेलायचो. शाहनवाज दुकान अर्धं उघडं टाकून मैदानाच्या कडेला उभे राहायचे.

अठराव्या वर्षी, तालुक्याच्या सामन्यात, पाऊल जागेवर राहिलं आणि मी वळलो. आत काहीतरी टचकन झालं. सुमैरा उठली, खेळली, संघ जिंकलासुद्धा. संध्याकाळी मी नारळाएवढा झालो होतो.

कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली गादी थोडी फाटली आहे, जपा. खो-खो सुटला. सपाट रस्त्यावर मी बरा चालायचो. जिना उतरताना मात्र दगा द्यायचो. शाहनवाज म्हणजे गाडी दुरून येताना बघून कुठलं चाक बसलंय ते सांगणारा माणूस. त्यांना लेकीच्या चालण्यातला फरक दिसायचा आणि ते दुसरीकडे बघायचे.

स्थळ आलं तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ पोरी, लग्न जमंस्तवर गुडघ्याचं नाव काढू नगंस. सांगायला उभी जिंदगी पडलीया."

स्थळ माधवनगरचं. मुलाचे वडील निजाम यांचा गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे शिवायची लांब खोली, तिच्या मागे घर. बघायला आलेल्या बायका आतल्या खोलीत आल्या, तेव्हा सुमैरा आधीच जाजमावर बसलेली होती. चहा मावशीनं फिरवला. मदिनाबींनी तिची हनुवटी वर केली, डोळे बघितले, बोटं उलटसुलट करून बघितली. मग पिशवीतून वीतभर लांबीची गादीची सुई आणि दोरा काढून तिच्या हातात दिला. त्या घराची रीतच तशी. सून करायची तर आधी सुई ओवून घ्यायची. सुमैरानं पहिल्या झटक्यात ओवली.

"हात सोन्याचं हायत," मदिनाबी म्हणाल्या आणि पेढा फोडला. उठ म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. मी ओढणीखाली गप्प बसून होतो.

पण सुमैरानं अब्बांचं ऐकलं नाही. हे अजूनही त्यांना माहीत नव्हतं.

सुपारी फुटल्यावर मुलाचे, म्हणजे झिशानचे, फोन यायला लागले. निकाहाला दोन महिने होते. एका संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल गच्चीवरच्या टाकीला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "जरा बघा हं." गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. परत आली. मग मोबाइल हातात घेऊन मला दाखवत दोन्ही जिने उतरली, पुन्हा चढली. मी एरवी कुणी बघतंय म्हटल्यावर दातओठ खाऊन सरळ चालायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं लंगडलो.

"बघितलं?" तिनं दम खात विचारलं.

"बघितलं की."

"उतरताना दुखतं. तासभर मांडी घालून बसवत नाही. पुढं वाढेलही. घरी सांगा. ते नको म्हणाले तर मला राग नाही येणार."

पलीकडे झिशाननं मोबाइल जवळ ओढला. मग म्हणाला, "मला तू पसंत हायस. अम्मीला मी सांगतो. तू नको बोलूस, तुला जमायचं न्हाई."

त्या रात्री ती मला तेल चोळताना गुणगुणत होती. मला वाटलं, चला, आपलं ओझं उतरलं.

लग्न होऊन माधवनगरला आलो ते ऐन लग्नसराईत. लोकांच्या लेकींच्या संसाराच्या गाद्या कारखान्यात शिवायच्या, त्यामुळे घरच्या नव्या नवरीला मेंदी वाळायलाही सवड नव्हती. गादी शिवायची पद्धत अशी: खोळीत कापूस भरला की गादीवरच बसायचं, उजव्या गुडघ्यानं दाबून धरायचं आणि सुई आरपार काढून टाका ओढायचा. गुडघा जितका घट्ट, तितका टाका नीट. मदिनाबींनी तीस वर्षं हे केलं. त्यांचे दोन्ही गुडघे आता वाटीसारखे बाहेर आलेत आणि उठताना सुपारी फुटल्यासारखे वाजतात. त्यांना सून हवी होती ती या जागेवर बसायला. त्यात काही वाईट नव्हतं. बाई थकली होती.

सुमैरानं युक्ती काढली. ती डाव्या गुडघ्यानं दाबायची. त्यामुळे टाके तिरपे जायचे.

"उलट्या गुडघ्यानं दाबतीस व्हय गं?" मदिनाबींनी एकदा विचारलं.

"सवय आहे अम्मी."

नमाजाला मात्र युक्ती चालत नाही. सजद्यात जाताना आधी गुडघे टेकतात, मग हात, मग कपाळ. पाच वेळा मी जमिनीवर टेकायचो आणि पाच वेळा ती ओठ मिटून घ्यायची. एक दिवस तिनं खुर्ची ओढून खुर्चीवर नमाज पढली. मदिनाबींनी बघितलं. बोलल्या नाहीत. ते न बोलणं दोन दिवस घरात फिरत राहिलं.

तिनं झिशानला विचारलं, "तुम्ही सांगितलंय ना अम्मीला?"

"सांगतो की. ही गाद्यांची गडबड जाऊ दे."

गडबड गेली नाही, मी गेलो. दुसऱ्याच महिन्यात, भरलेली डबलची गादी उचलून उठताना मी वाकलो तो सरळच झालो नाही. सुमैरा गादीसकट खाली बसली. बघता बघता मी पुन्हा नारळ. मशीन बंद झालं, निजाम धावत आले, मदिनाबी आल्या, झिशान आला. आणि झिशाननं चेहऱ्यावर एवढं आश्चर्य आणलं की मी दुखायचं विसरलो.

"आगं! काय झालं? कवापासनं दुखतंय हे?" त्यानं विचारलं.

सुमैरानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. घरातल्या सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न. उत्तर त्यानं स्वतःच मोबाइलवर बघितलं होतं.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, सगळ्यांसमोर दुखणं जुनं आहे म्हणाल्या, व्यायाम दिले. दीड महिना सुमैरानं इमानेइतबारे व्यायाम केले. सूज थोडी उतरली, दुखणं हटेना. मग त्या म्हणाल्या, आणखी एक उपाय करून बघता येईल. दंडातून थोडं रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, त्यातला पिवळसर, जखम भरून काढणारा भाग वेगळा करायचा आणि तो गुडघ्यात सोडायचा.

सोबत निजाम आणि मदिनाबी होत्या. मदिनाबींनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे हिचंच रगत काढून हिलाच?"

निजाम हसले. दीड महिन्यात त्या घरातलं कुणी पहिल्यांदाच हसलं असेल. "आगं, आपुन तरी निराळं काय करतो? गिऱ्हाईक बसलेली गादी आनून टाकतंय. आपुन त्याचाच कापूस काडतो, मशीनीत घालून फिरवतो. खडे, सरकी, कचरा बाजूला. चांगला कापूस फुगून येतो, तो परत त्याच्याच खोळीत. कापूस गिऱ्हाईकाचा, आपली निस्ती पिंजाई."

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. "चाचा, मला इतकं सोपं कधी सांगता आलं नाही," त्या म्हणाल्या. मग सुमैराकडे वळल्या. "पण एक नीट ऐक. याने फाटलेली खोळ शिवली जात नाही. दुखणं कमी होईल, कदाचित बरंच होईल. काहींना फारसा फरक पडत नाही. मी खोटी आशा देणार नाही. आणि आधी दोन आठवडे, नंतरही मी सांगेपर्यंत, सांधेदुखीची एकही गोळी नको. आम्हाला आत जी भरून काढायची खटपट सुरू करायची असते, तीच त्या गोळीनं दबते. पहिले काही दिवस जास्त दुखेल. फार झालं तर तापाची साधी गोळी घे आणि मला फोन कर."

दोन आठवड्यांनी, त्या शनिवारी, दंडातून रक्त निघालं. मशीन घुमलं. निजाम दाराशी उभे राहून त्याचा आवाज कान देऊन ऐकत होते; बेअरिंग चांगलं आहे म्हणाले. मग सरकीच्या तेलाच्या रंगाचं ते थोडंसं पाणी सुईतून माझ्यात आलं. आजवर सगळ्यांनी माझ्याकडून घेतलं होतं, धाव, भार, टाका, सजदा. पहिल्यांदा मला कुणीतरी काही आणून दिलं. ते जळजळत आलं, हा भाग वेगळा.

रविवारी मी ठणकलो. सोमवारी त्याहून जास्त. मंगळवारी सकाळी सुमैराच्या तोंडून "या अल्ला" निघालं आणि मदिनाबी आपला स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या गोळ्या असतात. त्या डब्याला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. एक गोळी काढून, पाण्याचा पेला पुढे करून म्हणाल्या, "घे. अर्ध्या तासात आराम पडंल."

"अम्मी, नको. डॉक्टरनी नको म्हटलंय."

"डाक्टरला काय कळतंय तुझं कन्हनं? मी घेती की रोज."

"नको अम्मी."

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी गोळी परत डब्यात टाकली. तो आवाज मी ऐकला, टिक. तीस वर्षांत त्या बाईनं स्वतःच्या दुखण्यातलं काही दुसऱ्याला देऊ केलं असेल तर ते एवढंच. "आमच्या हातचं औषद सुदिक नको," एवढं म्हणून त्या परसात गेल्या आणि त्यांनी आयेशाला फोन लावला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

बुधवारी संध्याकाळी सुमैरानं झिशानला खोलीत थांबवलं. "शुक्रवारी अब्बांना बोलावलंय. अम्मीला तुम्ही आज सांगणार का?"

तो पलंगाच्या कडेला बसला. "आता सांगितलं तर अम्मी मला दारात उभा करायची न्हाई. इतके दिवस गप बसलो म्हणंल. तू जरा समजून घे की. तुझे अब्बा समजूतदार मानूस हायत. दोन शब्द ऐकून घेतील, विषय संपंल."

"दोन शब्द."

"मग काय तर. मोठी मानसं एकमेकाला बोलत्यातच की."

 सुमैरा मुळातच कमी बोलते. सासरी तर तिच्या गप्प बसण्याचं कौतुक होतं. पण मला तिचा हात लागला. दोन्ही तळव्यांनी तिनं मला दोन्ही बाजूंनी धरलं, जसं सामना सुरू व्हायच्या आधी धरायची.

शुक्रवार उजाडला. ठणका उतरला होता, सूज होती. जुम्म्याची नमाज सुटल्यावर शाहनवाज आले. हातात केळी आणि बिस्किटाचे पुडे, अंगात इस्त्रीचा सदरा, नखांत मात्र टायरचं काळं तसंच. शिवायच्या खोलीत नवी गादी टाकली होती. निजामनी त्यांना तिच्यावर बोलावलं. ते कडेला, जाजमावर बसले. झिशान भिंतीला टेकून बसला आणि पंख्याकडे बघायला लागला.

आम्ही पडद्यामागे होतो. सुमैराच्या हातात चहाचा ट्रे होता.

मदिनाबींनी आडपडदा ठेवला नाही. "भाईसाब, एकच इचारती. पोरीच्या गुडघ्याचं तुमाला ठावं हुतं का न्हवतं?"

"हुतं, भाभी."

"मग सांगितलं का न्हाई? आमी काय कसाई हाय? मला बसून शिवनारी सून पायजे हुती. माझं गुडघं बघा. आता माझ्या जागी कोन बसायचं?"

"ऱ्हाऊ दे गं," निजाम म्हणाले.

"का ऱ्हाऊ दे? इस्वासानं घेतलं आमी. फसवलं न्हवं का हे?"

शाहनवाज जाजमाच्या रेघांकडे बघत होते. "चुकलं माझं, भाभी. पोरीचा त्यात दोष न्हाई. मीच तिला म्हटलं, बोलू नगंस. ती बापाचं ऐकून गप बसली. सजा काय ती मला बोला." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ती कुणापुढे ठेवायची हे न कळून हात मध्येच थांबला.

सुमैरा झिशानकडे बघत होती. पडद्याच्या फटीतून तो अर्धा दिसत होता. त्यानं पंख्यावरची नजर काढली, शाहनवाजच्या हातातल्या टोपीकडे बघितलं, ओठ ओले केले. आता बोलेल. मी श्वास रोखला, गुडघ्याला श्वास असतो तर. त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा पंख्याकडे बघितलं.

माझं बोलणं इथे संपवतो, कारण पुढचं माझं नाही, तिचं आहे. मी बरा होईन की नाही, ठाऊक नाही. आत काहीतरी खटपट चालू आहे खरी. डॉक्टरीणबाई म्हणतात, महिना-दोन महिने वाट बघा. तुमच्याही घरात कुणाचा तरी गुडघा असेल. त्याला वाकायला सांगा, टेकायला सांगा, झेपेल तेवढं ओझं द्या. फक्त नसल्यासारखं वागायला सांगू नका. त्यानंच आम्ही लवकर झिजतो.

सुमैरानं ट्रे खाली ठेवला. पडदा बाजूला केला. तिनं मला सरळ चालायला सांगितलं नाही. पडद्यापासून त्या गादीपर्यंत मी मोजून दहा पावलं टाकली, लंगडत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ती अब्बांसमोर थांबली, त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. सासरच्या माणसांसमोर आजवर सांभाळलेली शहरी भाषा तिच्या तोंडून गळून पडली.

"अब्बा, माफी मागू नगा. तुमी लपव म्हनालासा, मी लपवलं न्हाई. निकाहाच्या आधी दोन महिनं मी ह्यास्नी समदं सांगितलं हुतं, उतरताना दुखतंय, मांडी घालून बसवत न्हाई, समदं. हे म्हनाले, अम्मीला मी सांगतो. अम्मी, तुमी मला बसवून बघितलं हे खरं हाय. पर तुमच्या लेकानं चालवून बघितलं हुतं. धा पावलं न्हाई, अख्खी गच्ची आन् दोन जिनं. आता काय इचारायचं ते त्यास्नी इचारा."